गोऱ्यांची हजेरी

उमरखेडच्या स्टँडसमोर चहा प्यायला बसलात आणि इंग्लंड-अमेरिकेचं नाव काढायचं असलं, तर आधी कोपऱ्यातल्या बाकावर डोंगरसिंग बसलाय का ते बघून घ्या. बसला असेल तर तासभर गेलाच म्हणून समजा. पंचाहत्तरीला टेकलेला हा एस.टी.चा रिटायर कंडक्टर, वाणानं काळाकभिन्न, खिशाला चष्मा आणि काखेत कापडात गुंडाळलेली एक जाड वही. पेपर तो शेवटच्या पानापासून वाचत नाही आणि पहिल्यापासूनही नाही. आधी विदेशाचं पान उघडतो. तिथं गोऱ्यांचं काही बरंवाईट झालेलं दिसलं की त्याचा चेहरा लग्नघरासारखा उजळतो.

"डोंगरसिंगभाऊ, आज कोन मेलं?" मारोतराव विचारतो. हा त्याचा जुना दोस्त, कापूसवाला कुणबी, रोज छेड काढल्याशिवाय याला चहा गोड लागत नाही.

"मेलं नाही, पन खाटेवर हाय," डोंगरसिंग म्हणतो. "इंग्लंडातल्या एका मोठ्या शहराच्या नगरपालिकेनं हात वर केले. रस्त्यावरचे दिवे मंद करून राह्यले म्हणे. आता समजन भाऊ, अंधारात बसनं काय असते ते."

आणि मग तो वही उघडून त्यात ती बातमी लिहितो. तारीख, देश, आणि शेऱ्याच्या रकान्यात, गोऱ्याचा जोर दिसला की 'हाजर', ढळला की 'गैरहाजर'. अमेरिका काबूलहून निघाली त्या दिवशीचा शेरा त्यानं लाल पेनानं लिहिला आहे : 'फरार'.

लोक हसतात. पण ती वही कुठली ते ज्यांना ठाऊक आहे ते हसत नाहीत.

डोंगरसिंग धरमसिंगाच्या तांड्यावरचा. उमरखेडपासून तासाभराची वाट. त्याच्या आज्याचे आजे शेकडो बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. त्या लदेणीच्या गोष्टी तांड्यावर अजून सांगतात. डोंगरसिंग त्या सांगतो तेव्हा मात्र त्यात बैलांपेक्षा साहेबच जास्त येतो. तरुणपणी तो लाल बावट्याच्या युनियनमध्ये होता, यवतमाळच्या एका शिबिरात 'साम्राज्यशाही' हा शब्द शिकला आणि तेव्हापासून बांध कोरणाऱ्या भाऊबंदाचं नाव घ्यावं तसा तो शब्द उच्चारतो.

"बैल आपले, घाम आपला," तो सांगतो. "गोऱ्यानं तेच बैल भाड्यानं लावले अन् सोताच्या फौजा पोसल्या. काम झालं. मंग आगगाडी आनली. मिठावर पहारा बसवला. आपले बैल रिकामे झाले, तं म्हने हे लोक फिरतात काहून? चोर असतीन. अन् केला कायदा. पोट मारलं त्यानं, अन् चोर आपन!"

त्या कायद्यानं डोंगरसिंगाचा आजा हिरासिंग जन्मतःच गुन्हेगार ठरला. रोज दिवेलागणीला चौकीवर जायचं, नाव पुकारलं की 'हाजर' म्हणायचं, अंगठा उठवायचा आणि परत यायचं. एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी हिरासिंग गेला नाही. घरात त्याची बायको सुखीबाई अडली होती. आधीची दोन लेकरं जन्मताच गेलेली. हे तिसरं रात्री जन्मलं, जगावं म्हणून बायकांनी त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि उकंडा नाव ठेवलं. सकाळी शिपाई आला. एका गैरहजेरीला बारा फटके आणि महिनाभर सक्तमजुरी. नवव्या दिवशी सुखीबाई गेली. हिरासिंगाला तिच्या चितेला आग द्यायलाही सोडलं नाही.

उकंडा जगला. तो डोंगरसिंगाचा बाप.

हे सगळं डोंगरसिंगाला आज्यानं कधी सांगितलं नाही, तांड्यातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलं. आज्याचं त्यानं पाहिलं ते वेगळंच. स्वराज्य आलं, तो कायदाही उठला, चौकीच्या खोलीत कुणी तरी सरपण भरलं. तरी दिवेलागण झाली की हिरासिंग उठायचा, पटका नीट करायचा आणि चालू लागायचा. सरपणाच्या त्या बंद दारासमोर उभा राहायचा. आज्याला तांड्यात दादा म्हणतात; पोरगा डोंगरसिंग त्याचा हात धरून म्हणायचा, "दादा, चाल घरी, हजेरी झाली." मग तो वळायचा. मरेपर्यंत वळायला त्याला कुणी तरी सांगावं लागलं. त्या बंद दाराचा डोंगरसिंगाला जेवढा संताप येतो तेवढा फटक्यांचाही येत नाही.

आता तांड्याची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. धरमसिंगाच्या तांड्यात नसाब बसते, म्हणजे आपली पंचायत, तेव्हा नायक ज्यानं गुन्हा केला त्याला नावानं पुकारतो. त्यानं उभं राहून सगळ्यांसमोर 'हाजर' म्हटलं की मगच न्याय सुरू. तो आलाच नाही, त्यानं हाकेला उत्तरच दिलं नाही, तर वैर मिटत नाही. बापाचं लेकावर, लेकाचं नातवावर उतरत राहतं. हिरासिंगाच्या तेराव्याला पंधरा वर्षांच्या डोंगरसिंगानं नसाबीसमोर सांगितलं होतं, "आमचं वैर गोऱ्याशी हाय. त्याले ह्या तांड्यासमोर हाजर म्हनाले लावीन, तवाच मिटन." म्हातारे हसले नाहीत. नायकानं नुसती मान हलवली.

आणि वही? ती त्याला भज्यांनी दिली. चौऱ्याऐंशी साली ड्यूटीवर असताना त्यानं स्टँडवर भजी घेतली. कागद पिवळा पडलेला, त्यावर रकाने आखलेले आणि प्रत्येक ओळीला अंगठा. तिसऱ्या ओळीत नाव, 'हिरासिंग वल्द टीकमसिंग, लमाण'. गाडी भरलेली, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, आणि कंडक्टर रद्दीवाल्याच्या दुकानात ढिगाऱ्यावर पालथा पडलेला! गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली आणि डेपोनं त्याला मेमो दिला. तो मेमोही त्यानं वहीत चिकटवून ठेवला आहे. रद्दीत त्याला उरलेलं अर्धं रजिस्टर मिळालं. मागची पानं कोरी होती. एका पानावर, पावसाळ्यातल्या त्या तारखेला, हिरासिंगाच्या नावापुढं अंगठा नाही. शेऱ्यात लपेटदार अक्षरात 'गैरहाजर', त्यापुढं शिक्षेची नोंद, 'बारा फटके'. तिथंच त्या दिवसाची नावं संपतात; त्याखालची ओळ डोंगरसिंगानं चाळीस वर्षं मोकळी ठेवली. कोऱ्या पानांवर तो साम्राज्याची हजेरी घेत राहिला. त्या एका ओळीला मात्र हात लावला नाही. ती गोऱ्यासाठी राखून ठेवलेली.

"वैर पाळून राह्यले का बैल?" रुपीबाई विचारायची. ही त्याची बायको. काचटिकल्यांच्या भरतकामात तिचा हात धरणारी तांड्यात दुसरी नाही, आणि नवऱ्याचं कौतुक करायचा तिनं नेम धरलेला नाही. "बैल पाळला असता तं शेनखत तरी भेटलं असतं. ह्या वहीनं काय देल्लं?"

वहीनं काय दिलं, तर नात दिली. त्याच्या लेकाची, संजयची पोरगी पुष्पा लहानपणी आज्याच्या मांडीवर बसून त्या अंगठ्यांवर बोट ठेवून नावं वाचायची. ती इतिहास शिकली, यवतमाळ झालं, पुणं झालं, आणि दोन हजार तेवीस साली राज्य सरकारची शिष्यवृत्ती मिळवून निघाली थेट इंग्लंडला, पीएचडी करायला. विषय, लदेणी आणि आगगाडी.

डोंगरसिंग आठ दिवस जेवला नाही नीट. मग पुष्पानंच त्याला वाटेवर आणलं. "दादा, आपल्या अर्ध्या वह्या रद्दीत गेल्या, अर्ध्या त्याईच्या घरात हायेत. घरात शिरल्याबिगर कशा भेटतीन?" हे त्याला पटलं. शत्रूच्या घरात आपलं माणूस! तो स्वतः तिच्याबरोबर पुण्याला गेला, व्हिसाच्या ऑफिसात. तिथं काचेवर पंजा ठेवायला सांगितला तेव्हा म्हातारा बाहेरच्या खुर्चीवरून ओरडला, "पुष्पा, अंगठा नाही द्याचा!" गार्ड धावला. पुष्पा शांतपणे बाहेर आली आणि म्हणाली, "दादा, हिरासिंगदादाचं एक बोट घेतलं होतं. माह्ये दहा घेऊन राह्यले. लिहून ठेवा वहीत."

त्यानं तिथंच, मांडीवर वही ठेवून, लिहिलं.

पहिल्या हिवाळ्यात घोटाळा झाला. फोनवर बोलता बोलता पुष्पा सहज म्हणाली, "थांबा दादा, मले आज जाऊन तोंड दाखवाचं हाय. बाहेरदेशच्या पोराईले ठरल्या दिवशी हजेरी द्या लागते. नाही देल्ली तं युनिव्हर्सिटी सरकारले कळवते, व्हिसा जाते."

डोंगरसिंगानं फोन कानापासून काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत कानाला लावला.

"तू हजेरी देते?" डोंगरसिंग म्हणाला. "तू? हिरासिंगाच्या घरची? गोऱ्याच्या चौकीवर जाऊन हाजर म्हनते?"

"दादा, ते तसं नाही..."

"ये वापस. आजच्या आज. नाही येत तं मले फोन करू नोको."

ती आली नाही. तिनं फोन केला तर तो घ्यायचा नाही. रुपीबाई घ्यायची आणि मुद्दाम मोठ्यानं बोलायची. "हो का माय? थंडी हाय का? जेवली का?" तो भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायचा. सात महिने चाललं हे. त्या सात महिन्यांत त्यानं वहीत एक ओळ लिहिली, 'पुष्पा संजय राठोड, हाजर', आणि त्या ओळीवर हात ठेवून तो रडला. हे रुपीबाईनं पाहिलं आणि पुढच्या फोनला ती आणखी मोठ्यानं बोलली.

समेट घडवला एका बादलीनं. पुष्पानं आजीच्या फोनवर फोटो पाठवला : विलायती युनिव्हर्सिटीचा दगडी हॉल, छताला नक्षी, भिंतीवर मिशाळ साहेबांची तैलचित्रं, आणि बरोबर मधोमध, गळणाऱ्या छताखाली, प्लॅस्टिकची निळी बादली. डोंगरसिंगानं फोन हिसकावून घेतला. चष्मा लावला. फोटो दोन बोटांनी मोठा केला.

"बादलीच हाय ना ही?"

"बादलीच हाय," रुपीबाई म्हणाली.

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. फोन लावलाच त्यानं. पुष्पा सांगत होती, इथं पैसा उरला नाही दादा, शिकवाची खाती बंद करून राह्यले, मास्तर लोकाईले घरी पाठवून राह्यले, आमच्यासारख्या बाहेरच्या पोराईच्या फीवर चूल चालते त्याईची. डोंगरसिंग "हां, हां" करत सगळं लिहून घेत होता. तहानलेला माणूस पाणी पितो तसा तो ऐकत होता. दुसऱ्या दिवशी त्यानं मारोतरावाला ती बादली सात वेळा दाखवली.

मग मागल्या साली अमेरिकेनं आपल्या मालावर जबर जकात बसवली आणि त्याच दिवसांत परदेशी कापसावरची आपली जकात उठली. ऐन वेचणीत कापसाचा भाव बसला. मारोतरावाची छेड काढायची हौस गेली. "कायचे खाटेवर हायेत तुह्ये गोरे?" तो चिडून म्हणाला. "तिकून एक फुंकर मारते अन् इथं माह्या वावरातलं बोंड पडते!"

"मरता मरता लाथ मारते जनावर," डोंगरसिंग म्हणाला. "इंग्लंड थोरला, तो गेला; अमेरिका धाकटा, तो गादीवर बसला. पन पाय लटपटून राह्यले त्याचे. जो तगडा असते तो धमकी देत नाही, मारोतराव." बोलला खरा, पण त्या दिवशी शेरा काय लिहावा ते त्याला सुचलं नाही. शेवटी त्यानं 'हाजर' लिहिलं आणि पेन जोरानं मिटलं.

नोव्हेंबरात पुष्पाचा फोन आला. आवाज वेगळाच. "दादा, आमच्या एका मास्तरीनबाईले काढून टाकलं. तिचा वर्ग मले देल्ला. पहिल्या वर्षाची पोरं, गोरे बहुतेक. बुधवारी सकाळी नऊले, म्हंजे तुमच्या अडीचले. इथं मोबाईलवर टिचकी मारून हजेरी लावतात. मी म्हटलं नाही, मी नाव पुकारीन. दादा, ऐकान का?"

डोंगरसिंग उठून उभा राहिला. मग एवढंच म्हणाला, "मी नसाब बसवतो."

आणि बसवली. नायक प्रेमसिंग पोरसवदा, चाळिशीतला, आधी हसायला लागला. पण तेराव्याचं ते बोलणं झालं तेव्हा प्रेमसिंगाचा आजाच नायक होता. बुधवारी दुपारी लिंबाखालच्या पारावर तांडा जमला. बाया वेचणी सोडून आल्या, ओटीत कापूस तसाच. लग्नातला मोठा स्पीकर आणून पारावर ठेवला आणि फोन त्याला जोडला. डोंगरसिंगानं पांढरा पटका बांधला होता. वही मांडीवर, त्या पावसाळ्याच्या पानावर उघडलेली. समोर मोकळी ओळ.

स्पीकर खरखरला. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कुणी तरी खोकलं. मग पुष्पाचा आवाज, इंग्रजी, चांगला खणखणीत.

"ऑलिव्हर हार्ग्रीव्ह."

"येस."

लिंबाखाली प्रेमसिंग नायक सरसावून बसला.

"हॅरिएट कोल."

"हिअर."

"टोबी विन्स्टन्ली."

"यप."

डोंगरसिंग लिहीत होता. प्रत्येक नाव तो पुटपुटून लिहीत होता आणि पुढं 'हाजर'. चाळीस वर्षांची मोकळी ओळ भरली, खालची भरली, समास भरला. मधे सिमरन नावाची एक आली, इमरान आला. त्यांची नावं त्यानं वगळली. "हे आपले हायेत," तो म्हणाला. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. साहेबाची लेकरं, लमाणाच्या पोरीला, एकामागून एक, 'हाजर' म्हणत होती! सुखीबाई, ऐक, डोंगरसिंगाच्या मनात आलं. ऐक माय, ऐक.

"जॉर्ज पेम्बर्टन."

उत्तर नाही.

"जॉर्ज पेम्बर्टन?"

कुणी तरी हसलं. "झोपला असेल," अशा अर्थाचं कुणी काही तरी बोललं. पुष्पा पुढच्या नावाकडे गेली.

लिंबाखाली मात्र कुणी पुढं गेलं नाही. "गैरहाजर," प्रेमसिंग नायक म्हणाला. तो शब्द त्या पारावर कधी साधा पडलेला नाही.

हजेरी संपल्यावर पुष्पा फोन घेऊन बाहेर आली. "दादा, ऐकलं ना?"

"ऐकलं," डोंगरसिंग म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, आणि काही तरी टोचतही होतं. "पन पुष्पा, भेव नव्हतं कोनाच्या आवाजात. शाळेतल्या पोरावानी बोलले."

"कायचं भेव दादा? माह्या हातात काय काठी हाय?"

"अन् तो पेम्बर्टन? त्याचं काय होईन?"

"काही नाही."

"काही नाही म्हंजे?"

"लईच झालं तं एक मेल जाईन त्याले, की बाबा येत जा. तो त्याईचा हाय ना." वारा लागल्यासारखा आवाज आला. "मी गैरहाजर राह्यली तं चिठ्ठी सरकारकडे जाते. मले उद्या जा लागते हजेरीले. दहा वाजता."

फोन बंद झाला. बाया उठून वावरात गेल्या, प्रेमसिंगानं स्पीकर काढला. जाताना तो डोंगरसिंगाजवळ थांबला. रीतीप्रमाणं त्यानं विचारायला हवं होतं, 'वैर मिटलं का?' त्यानं विचारलं.

डोंगरसिंगानं वहीकडे पाहिलं. वर हिरासिंगापुढं 'गैरहाजर', बारा फटके. खाली जॉर्ज पेम्बर्टन, 'गैरहाजर', आणि शिक्षेची जागा कोरी. त्या कोऱ्या जागेची त्याला अशी चीड आली की त्यानं दातओठ खाल्ले.

"नाही," तो म्हणाला.

घरी आल्यावर तो खाटेवर पडून राहिला. आजपासून वही मिटवायची, होळीत घालायची, असं त्यानं ठरवलेलं होतं. आता मागं फक्त चार पानं उरली होती आणि त्याचं वय झालं होतं. त्यानं वही उशाशी ठेवली आणि डोळे मिटले.

रुपीबाई चुलीपुढं बसली होती. मग उठली, फळीवरून संजयच्या पोरांची दोनशे पानी कोरी वही काढली, तिचं पुठ्ठं टरकावून फेकलं आणि खाटेवर येऊन बसली. भरतकामाची सुई तिच्या हातात होती, दोरा लाल, तिपेडी, घागऱ्याला वापरतात तो.

"द्या ती वही इकडं."

"कायले?"

"माह्या नातीनं उद्या दहा वाजता जाऊन त्याईच्या समोर उभं राहाचं, अन् तो जॉर्ज घरी झोपनार," रुपीबाई म्हणाली. "अन् तुमी चार पानात आटपता व्हय?"

तिनं जुन्या रजिस्टरच्या पाठीवर नवी पानं नीट जुळवून धरली आणि सुई घातली. जाड कागद, सुई अडत होती. ती अंगठ्यानं दाबत होती. डोंगरसिंग उठून बसला आणि त्यानं दोन्ही वह्या घट्ट धरल्या.

"टाका पक्का घाल," तो म्हणाला.

"मी घातलेला कधी उसवला का?" रुपीबाई म्हणाली आणि दोरा ओढला.